काळी तीनचा खर्ज: सॉफ्टवेअर सिंथवर स्वच्छ सबबास कसा काढायचा?

खर्जातला (पुणे)

नमस्कार मंडळी,

दोन महिने एका ट्रॅकवर काम चालू आहे. लय १४०, पण ठोका अर्ध्या लयीसारखा पडतो. वर मित्राने वाजवलेला तबला आणि किक (ड्रमचा खालचा ठोका), खाली फक्त सब, म्हणजे अगदी खालच्या पट्टीतला बास. सूर काळी तीन. सबला चारच जागा दिल्यात: सा, कोमल ग, म आणि खालचा कोमल नि. सिंथ व्हायटल, फुकटवालं.

अडचणी अशा. एकच सूर आठ वेळा सारख्याच वेलोसिटीने (जोराने) लावला तरी आठही वेळा वेगळा वाजतो, कधी छातीत बसतो तर कधी पोकळ निघतो. सूर सुटताना बारीक ‘टक्’ येतो. आणि सगळ्यात मोठा त्रास म्हणजे माझ्या खोलीत सा ऐकूच येत नाही. कमी पडतोय असं समजून मी त्याची पातळी वाढवत गेलो. गेल्या महिन्यात एका कॉलेजच्या गॅदरिंगला हा ट्रॅक भाड्याच्या दोन बेस आणि दोन टॉप स्पीकरवर वाजला. सा आला की प्लास्टिकच्या खुर्च्या थरथरत होत्या आणि तबला पार बुडाला. ज्याने तो वाजवला तो शेजारीच उभा होता. त्याचा चेहरा अजून डोळ्यासमोर आहे. घरी येऊन लावला तर सा पुन्हा गायब.

सध्याची मांडणी: दोन सॉ (करवती लहरीचे) ऑसिलेटर, त्यांच्यात सात सेंटचं अंतर (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग), युनिसन चार (प्रत्येकाच्या चार प्रती), १०० हर्ट्झवर लो-पास (त्यावरचं कापणारा फिल्टर), त्यावर थोडा कोरस, शेवटी कॉम्प्रेसर. अॅनालायझरमध्ये सुईसारखं टोक दिसावं तर जाडजूड टेकाड दिसतं. खोली १२ बाय १० फूट, स्पीकर पाच इंची. मूळ चूक कुठे आहे?

---

मंद्रा (नवी मुंबई)

खर्जातला, तुमच्या तीन अडचणींचा उगम तीन वेगळ्या ठिकाणी आहे. सगळ्यांवर एकदम औषध शोधायला गेलात तर काहीच हाती लागणार नाही. आज फक्त सिंथचं बघू, खोलीकडे नंतर येते.

आधी सगळं बंद करा. दुसरा ऑसिलेटर, कोरस, फिल्टर, कॉम्प्रेसर, सगळं. एकच ऑसिलेटर, साइन (एकाच सुराची निखळ लहर), युनिसन एक.

कारण सांगते. तंबोरा मिळवताना जोडाच्या तारा जवळ आल्या की एक डोल ऐकू येतो, आणि त्या जुळत जातात तसा तो संथ होतो. दोन ऑसिलेटरमध्ये सात सेंट ठेवलेत की तेच होतं. मधल्या सप्तकात ४४० हर्ट्झवर सात सेंट म्हणजे सेकंदाला पावणेदोन डोल, कानाला ते भरदार वाटतं. तुमचा सा आहे ४६.२५ हर्ट्झ. तिथे तेच सात सेंट म्हणजे सव्वापाच सेकंदांत एक डोल. तुमचा एकेक सूर अर्धा सेकंदसुद्धा टिकत नाही, म्हणजे त्याला अख्खा डोल कधी मिळतच नाही. तो कधी डोलाच्या माथ्यावर पडतो, कधी खड्ड्यात. पोकळ निघतो तो खड्ड्यातला. युनिसन चार केल्यावर असे आठ आवाज एकमेकांत भांडतात.

वरच्या पट्टीत जे सौंदर्य आहे ते खर्जात गढूळपणा होऊन बसतं. कोरसचंही तसंच.

---

सर्किटवाला (बेंगळुरू)

मंद्राताईंशी सहमत. पण एकच साइन ठेवलीत तरी पहिली अडचण पूर्ण जाणार नाही, कारण फेज, म्हणजे लहर कुठल्या जागेपासून सुरू होते ते.

व्हायटलमध्ये ऑसिलेटरच्या फेजच्या खान्यात दोन आकडे असतात. एक कोन, दुसरा रँडमचे टक्के. हा दुसरा १०० टक्क्यांवरच उघडतो. याचा अर्थ दर वेळी लहर वेगळ्या जागेपासून सुरू होते. पॅड किंवा स्ट्रिंगला ते छान, सबला घातक. त्याला शून्य करा. कोन असा लावा की लहर मधल्या रेषेवरून वर निघेल. सूर ऑडिओत काढून झूम केलंत की लगेच दिसेल. सीरम या दुसऱ्या सिंथमध्ये हेच काम रँड नावाचा नॉब करतो. एबलटनच्या ऑपरेटरमध्ये फेजशेजारी ‘आर’चं बटण आहे, सर्जमध्ये रीट्रिगर, एफएलच्या थ्री-एक्स ऑस्कमध्ये फेज रँडमनेस. नावं वेगळी, सांगायचं एकच: प्रत्येक सूर एकाच जागेपासून सुरू कर.

खालच्या सुरांत याचं महत्त्व एवढं का? ४६.२५ हर्ट्झचं एक आवर्तन २१.६ मिलिसेकंदांचं असतं. किकचा जोराचा भाग जेमतेम दोन-तीन आवर्तनांत संपतो. सब त्या वेळी वर जातोय की खाली, यावर दोघं मिळून ठोका देतात की एकमेकांना खातात हे ठरतं.

आता ‘टक्’. तुमचा रिलीज, म्हणजे सूर सोडल्यावर तो विझायला लागणारा वेळ, किती आहे?

---

खर्जातला

रिलीज पाच मिलिसेकंद. सूर नेमका कापला जावा म्हणून ठेवला होता.

---

सर्किटवाला

पाच मिलिसेकंद म्हणजे आवर्तनाचा पावसुद्धा नाही. लहर माथ्यावर असताना तिला खाली ओढून आपटल्यासारखं होतं, आणि त्या आपटण्यात सगळ्या पट्टीभरचे आवाज असतात. तोच तुमचा टक्. रिलीज ६० ते ८० करा, अॅटॅक (सूर चढायचा वेळ) ४-५. कानाला सूर तरीही नेमकाच कापलेला वाटेल.

एक सावधगिरी. रिलीज वाढवला की मागच्या सुराचं शेपूट पुढच्यावर येतं. तुमचा कोमल नि ४१.२ आणि सा ४६.२५, दोन्ही एकदम वाजले तर सेकंदाला पाच डोल, म्हणजे चक्क गुरगुर. म्हणून व्हॉइस एक ठेवा (एका वेळी एकच सूर) आणि लेगॅटो चालू (लहर न तोडता पुढचा सूर). लेगॅटो नसेल तर जोडून येणाऱ्या सुरांत लहर मध्येच उडी मारते आणि टक् मागच्या दाराने परत येतो.

अॅनालायझरमधल्या टेकाडाची काळजी सोडा. ४४,१०० च्या सॅम्पल रेटला ब्लॉक साइज ४०९६ असेल तर एकेक खाना १०.८ हर्ट्झचा होतो. त्यात नि आणि सा वेगळे दिसणारच नाहीत. १६,३८४ करा, खाना २.७ हर्ट्झवर येईल. चित्र थोडं मंद हलेल, पण साइनची सुई दिसेल. व्हॉक्सेंगोच्या स्पॅनमध्ये, जे फुकट मिळतं, हे करता येतं.

---

रात्रपाळी

मध्येच एक सांगतो, कारण यात मी आठवडाभर अडकलो होतो. सप्तकाच्या नंबरवर विश्वास ठेवू नका. मिडीतला सुराचा नंबर ३० म्हणजे हा ४६.२५ हर्ट्झचा सा. काळी तीन म्हणजे एफ शार्प, पुस्तकात हा एफ शार्प १. एबलटन त्याला एफ शार्प ० म्हणतं आणि एफएल एफ शार्प २. कुणी व्हिडिओत ‘एफ वनच्या खाली जाऊ नका’ म्हणालं तर तो कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये बसलाय ते आधी बघा. हर्ट्झमध्ये बोललेलं बरं.

पण नुसती साइन मला पटत नाही. आपले निम्मे श्रोते मोबाइलवर ऐकतात. तिथे साइन म्हणजे शांतता. मी सॉ घेऊन २४ डीबीच्या लो-पासमधून काढतो, अंगात काहीतरी राहतं.

---

थेम्सकाठी (लंडन)

बऱ्याच दिवसांनी इथे लिहितोय, विषयच तसा निघाला. १४० ची लय आणि अर्धा ठोका वाचून क्रॉयडन आठवलं. दक्षिण लंडनच्या त्या उपनगरातल्या पोरांनी या शतकाच्या सुरुवातीला हा डबस्टेपचा बाज घडवला आणि त्यांच्या सबचा पाया बहुतेक वेळा साधी साइनच होता. २००५ पासून ब्रिक्स्टनला याच बाजाच्या डीएमझेड नावाच्या क्लब-रात्री व्हायच्या. शोरडिचच्या कर्टन रोडवर प्लास्टिक पीपल नावाचं तळघर होतं, २०१५ च्या जानेवारीत ते बंद झालं. तिथे मी बऱ्याचदा गेलो. जागा लहान, अंधार जवळजवळ पूर्ण. सब सुरू झाला की आवाज कानात शिरायच्या आधी शर्टाचं कापड हलायचं. आणि तरीही शेजारच्याशी बोलता यायचं! आवाज मोठा होता, पण मळलेला नव्हता, म्हणून.

ती मंडळी ट्रॅक आधी डबप्लेटवर (एकाच प्रतीच्या तबकडीवर) कापून घ्यायची आणि तोच क्लबात लावून बघायची. तबकडीला खालचा आवाज स्टिरिओत चालत नाही, डाव्या-उजव्यात फरक पडला की खाचेची खोली बदलते आणि सुई उडते. त्यामुळे सब मोनो हे तिथे अंगवळणीच पडलेलं होतं. तबकडी राहू द्या, आजही अनेक मोठ्या सिस्टिममध्ये बेसचे बॉक्स मोनोवरच चालतात. कोरस लावून रुंद केलेला सब तिथे एकत्र आला की स्वतःलाच खोडतो. साधारण १०० हर्ट्झच्या खाली सगळं मोनो ठेवा, आणि रिव्हर्ब तर नकोच.

---

सर्किटवाला

रात्रपाळी, मुद्दा मोबाइलचा असेल तर सॉ आणि लो-पासने तो सुटत नाही. १०० हर्ट्झच्या वरचं फिल्टरने काढून टाकलं की मोबाइलला द्यायला उरलं काय? फोनचा स्पीकर दोन-तीनशे हर्ट्झच्या खाली जवळपास काही देत नाही. सा चा पाचवा हार्मोनिक (मूळ सुराच्या पाचपट) २३१ वर, सातवा ३२४ वर. फोनला हवेत ते हे. ते ऐकू आले की मूळ ४६ हवेत नसतानाही मेंदू तोच सूर भरून काढतो.

म्हणून दोन थर करा. खाली निखळ साइन, तिला कुठलाच इफेक्ट नाही. वर तिचीच प्रत, सॅच्युरेशनमधून (हार्मोनिक वाढवणारी हलकी विकृती) काढलेली आणि मग १२० च्या आसपास हाय-पास केलेली (त्याखालचं कापलेली). ऐकताना वरचा थर बंद केला तर फरक कळावा, चालू असताना तो वेगळा आहे हे कळू नये, इतपतच. सीरम वापरत असाल तर सब ऑसिलेटरला डायरेक्ट आउटचं बटण आहे, त्याने सब इफेक्ट्सना वळसा घालून थेट बाहेर पडतो.

---

रात्रपाळी

करून बघितलं. तुमचं बरोबर आहे, फोनवर सूर कळतोय आणि हेडफोनवर खालचा भाग पहिल्यांदाच एवढा मोकळा वाटतोय. त्रिकोणी लहर मात्र मी सोडणार नाही. तिचा तिसरा हार्मोनिक मूळ सुराच्या १९ डीबी खाली असतो, साइनच्या इतक्या जवळ आणि तरी जरासा उजेड असलेला आवाज दुसरा नाही.

---

सर्किटवाला

त्रिकोणीला माझी काहीच हरकत नाही, मीही वापरतो. फक्त हार्मोनिक विषम असल्यामुळे किंचित नाकातला येतो, तबल्याबरोबर कसा बसतो ते ऐकून ठरवावं.

---

डग्गा_घुमारा (सांगली)

मी सिंथवाला नाही, तबला वाजवतो. पण घुमारा या शब्दावर आम्ही आयुष्य घालवतो, म्हणून लिहितो.

खर्जातला, तुमच्या ट्रॅकमध्ये आधीच एक सब आहे, डग्गा. तो आणि तुमचा सिंथ एकाच जागी उभे राहणार असतील तर दोघंही स्वच्छ ऐकू येणार नाहीत. ‘धा’ वर दोन्ही एकदम आणू नका. धा ला डग्गा बोलू द्या, सब त्याच्या पाठोपाठ येऊ द्या, नाहीतर डग्ग्याचा अगदी खालचा भाग कापा. कुठे कापायचा ते मात्र कानाने ठरवा. घुमारा गेला तर डग्गा पत्र्यासारखा वाजतो.

दुसरं. ‘घे’ मारून मनगटाच्या टाचेने पुडीवर दाब दिला की सूर वर चढतो. ती मींड आहे म्हणून डग्गा बोलल्यासारखा वाटतो. तुमच्या सिंथमध्ये असं काही करता येतं का?

---

खर्जातला

येतं! ग्लाइड म्हणतात. तुमचा प्रतिसाद वाचून लगेच लावलं, कोमल नि वरून सा वर १२० मिलिसेकंदांत. सूर एकदम जिवंत झाला. धा च्या जागा रिकाम्या सोडल्या आणि तबला आपोआप पुढे आला, त्याची पातळी अर्धा डीबीसुद्धा वाढवली नाही.

बाकीचा हिशोब. एक साइन, रँडम शून्य, अॅटॅक ४, रिलीज ७०, व्हॉइस एक. सा चे आठ ठोके ऑडिओत काढून एकाखाली एक लावले. आधीच्या मांडणीत प्रत्येकाची सुरुवात वेगळी होती, एक तर उलटाच निघाला होता. आता आठही रेघा एकमेकांवर तंतोतंत बसतात. रात्री दीड वाजता ते बघून मी आईला उठवून दाखवलं.

पण सा अजून ऐकू येत नाही. हेडफोनवर येतो, स्पीकरवर नाही.

---

मंद्रा

आता खोली. स्पीकर कुठल्या भिंतीशी आणि तुम्ही त्या भिंतीपासून किती लांब बसता?

---

खर्जातला

टेबल दहा फुटांच्या भिंतीला समांतर, मागे कपाट असल्यामुळे ते पुढे ओढलंय. टेप लावली. डोकं समोरच्या भिंतीपासून सहा फुटांवर.

---

मंद्रा

बारा फुटांच्या खोलीत सहा फूट म्हणजे बरोब्बर मध्य. तुमचा सा तिथे हरवतो.

बारा फूट म्हणजे ३.६६ मीटर. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर, त्याला या लांबीच्या दुपटीने भागा: ४६.९ हर्ट्झ. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये याच सुराची लहर उभी राहते. भिंतींशी तिचा दाब सगळ्यात जास्त, मध्यावर जवळजवळ शून्य. तुमचा सा ४६.२५. सूर आणि खोली जुळलेत आणि तुमचा कान नेमका खड्ड्यात आहे. खात्री करायची तर सा लावून ठेवा आणि उठून मागच्या भिंतीशी जा.

आणि फोम किंवा अंड्यांचे ट्रे आणू नका. या सुराची लहर जवळपास साडेसात मीटर लांब आहे, दोन इंचांचा फोम तिला जाणवतही नाही. खुर्ची सरकवा. समोरच्या भिंतीपासून लांबीच्या ३८ टक्क्यांवर, म्हणजे साडेचार फुटांच्या आसपास, सुरुवात करा आणि इंच-इंच हलवत ऐका.

सब ठरवताना आवाज नेहमी एकाच पातळीवर ठेवा, हेही सांगून ठेवते. हळू आवाजात कान खालचे सूर फार कमी पकडतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली ते मोजून दाखवलं. रात्री शेजाऱ्यांच्या भीतीने हळू ऐकत सब चढवला की तो नेहमी जास्तच होतो.

---

खर्जातला

मागच्या भिंतीशी गेलो. कपाटाचं दार वाजत होतं. दोन महिने तो तिथेच होता.

कपाट हलवलं, टेबल मागे भिंतीला लावलं, आता डोकं ४ फूट ८ इंचांवर. सा येतो. आणि त्याची पातळी मला ७ डीबी कमी करावी लागली. गॅदरिंगला काय झालं ते आता कळलं.

शेवटची शंका. किक आल्यावर सब दबावा म्हणून साइडचेन कॉम्प्रेसर लावलाय, पण सब खरखरतो.

---

सर्किटवाला

रिलीज फार जलद असणार. दहा मिलिसेकंद ठेवलात तर कॉम्प्रेसर एकाच आवर्तनाच्या आत वर-खाली करतो आणि साइनचा आकारच बदलतो. १०० च्या पुढे न्या. त्याहून चांगलं म्हणजे कॉम्प्रेसर काढून आवाजाचा आलेखच हाताने आखा, किक पडली की खाली आणि मग गोलाईने वर. किकची पोलॅरिटी (लहरीची वर-खाली दिशा) एकदा उलटी करून ऐका, ज्या बाजूला ठोका भरीव तीच ठेवा. आणि सबवर लिनियर फेज ईक्यू टाळा, या पट्टीत ठोक्याच्या आधीच आवाजाची सावली पडते. खाली निखळ साइन असेल तर ३० हर्ट्झचा हाय-पासही लावायचं कारण नाही, तिथे काढण्यासारखं काही नसतंच.

लाउडनेसचा मीटर बघून सब ठरवू नका. त्याचं मोजमाप खालचे सूर मुद्दाम कमी धरतं. मीटर शांत दिसतो आणि शिखरं अडवणारा लिमिटर मात्र घाम गाळत असतो. सबची शिखरं −१२ डीबीच्या आसपास ठेवून बघा.

---

खर्जातला

धागा वर काढतोय. काल तेच बॉक्स पुन्हा मिळाले, मंडळाच्या कार्यक्रमाआधी तासभर. सा, ग, म तिन्ही एकसारखे, तबला स्वच्छ. तबलावाला मित्र सोबत होता, या वेळी तो हसत होता.

पण खालचा कोमल नि, ४१ हर्ट्झ, पार नाहीसा. लगेच वाढवायचा मोह झाला, वाढवला नाही. आधी पूर्ण मैदान फिरून आलो. कुठेच नाही. हेडफोनवर आहे, फाइलमध्ये आहे.

---

मंद्रा

वाढवला नाहीत हे फार चांगलं केलंत, नाहीतर कोन फाटले असते. भोकाचे बॉक्स एका ठरावीक सुरावर ट्यून केलेले असतात. त्याच्या खाली गेलं की कोनला मागून हवेचा आधार राहत नाही, आवाज झपाट्याने पडतो आणि कोन मात्र मोकाट हलतो. म्हणून प्रोसेसरमध्येच त्या खालचं कापून ठेवतात. भाड्याचे बरेचसे बॉक्स ४५-५० च्या आसपास दम सोडतात. तुमचा सा त्यांच्या काठावर बसलाय, नि काठाच्या पलीकडे.

---

खर्जातला

मग नि वरच्या सप्तकात नेला, ८२.४ हर्ट्झवर, आणि तिथून मींड घेत सा वर उतरवला. चढण्याऐवजी उतरते आता ती ओळ. डग्गा_घुमारा, फाइल तुम्हाला व्यक्तिगत निरोपात पाठवली आहे. तिसऱ्या आवर्तनातला धा ऐका आणि सब लवकर येतोय का ते सांगा.

---

डग्गा_घुमारा

ऐकली. अर्धी मात्रा लवकर येतोय. थोडा थांबवा त्याला.